नणंदेच्या गावी गेलेला ड्रम

अन्याय झाला अक्कावर, आणि तिच्या आळीत चुलीपुढे बसणाऱ्या सगळ्या बायकांवर. कधी झाला तेही सांगते: दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी. गुरं धुऊन झाली होती, शिंगांचा रंग अजून ओला होता आणि दारोदारी शेणाचे पांडव बसले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण कचेरीतले लोक ही हकिकत 'गावाचं सहकार्य मिळालं नाही' इथून सुरू करतात आणि तिथंच संपवतात.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी धारवाडची, वकिलाच्या घरातली, कॉलेज संपवून घरच्यांच्या डोक्याला ताप झालेली. आम्हा काही मुलामुलींचा एक गट होता. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं काढायचो, एका बाजूला मराठी, पाठीमागे कन्नड. विषय एकच, चुलीचा धूर. अळणावरच्या आसपासच्या खेड्यांतून ती वाटत हिंडायचो. धूर म्हणजे गुलामी, धूर म्हणजे बाईच्या छातीवरचा दगड, असं ठणकावून लिहायचो. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही.

अक्का अशाच एका खेड्यातली. अक्का म्हणजे मोठी बहीण, आणि ती अख्ख्या आळीची मोठी बहीण होती. म्हातारी माणसंसुद्धा तिला अक्काच म्हणायची. मी पहिल्यांदा तिच्या दारात पत्रक घेऊन उभी राहिले तेव्हा ती भाकरी थापत होती.

"वाच की मोठ्यानं. काय लिहूलालीस ते कळूदे तरी."

मी सगळं वाचून दाखवलं. तिनं डोळे पुसत शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धूर डोळ्याला वाईट, हे सांगायला धारवाडास्नं आलीस व्हय गे तंगी? ये, बस हितं. मी कागद धरते, तू फुंकणी धर."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या दिवसापासून मी तिची तंगी झाले आणि गावात गेले की तिच्याकडेच उतरू लागले.

अक्का कौद्या शिवायची. कौदी म्हणजे आपली गोधडी. पण तिची कौदी पाहिल्यावर गोधडी म्हणवत नसे. जुन्या लुगड्यांचे तुकडे ती असे जुळवायची की चौकटी मोजत बसावं. बाळंतिणीसाठी, लग्नासाठी लोक तिच्याकडून कौद्या शिवून न्यायचे. आणि तिचे डोळे अधू होत चालले होते. धारवाडच्या डॉक्टरांकडे मीच तिला नेलं होतं. डॉक्टरांनी डोळे तपासले, हाताचा वास घेतला आणि म्हणाले, औषध देतो, पण चुलीपुढून उठल्याशिवाय गुण येणार नाही. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "उठते की. डॉक्टरांच्या बायकोला सांग यायला, माझ्या जागी बसायला."

म्हणून आमच्या तालुक्यात सामायिक गोबरगॅसची योजना आली तेव्हा मी अक्षरशः नाचले. एका आळीला एक संयंत्र. सगळ्या घरांनी शेण द्यायचं, सगळ्या घरांना नळीनं गॅस मिळायचा. पण खड्डा खणायला जागा कोण देणार? जो तो दुसऱ्याच्या परसाकडे बघू लागला. अक्कानं आपलं परस दिलं. तिथं शेवग्याचं झाड होतं, शेंगांनी लगडलेलं. ते तिनं तोडायला लावलं. आळीतल्या लोकांनी विहिरीसारखा गोल खड्डा खणला, कचेरीच्या गवंड्यानं तो विटांनी बांधून दिला, शेण कालवायची कुंडी केली. मग एके दुपारी हुबळीहून ट्रकमधून ड्रम आला.

हा ड्रम म्हणजे लोखंडाची पालथी टाकी, माणसाच्या उंचीची. खड्ड्यातल्या शेणकाल्यावर ती तरंगते, आत गॅस साठला की वर उचलली जाते. आमचा ड्रम काळाकुळकुळीत होता आणि घाईनं पाठवल्यामुळे त्याचा रंग एका अंगाला नीट वाळलाही नव्हता. खड्ड्याशेजारी तो उतरवला तेव्हा आळी लोटली. अक्कानं हळदीत हात बुडवला आणि ड्रमवर पाचही बोटं उमटवली. हळद रंगात बसली आणि तळव्याच्या रेषांसकट हात तिथं कायमचा राहिला.

"अक्का, सून आणलीस काय?" कुणीतरी ओरडलं.

"सून कशी म्हणता? सून येते नि चूल मागते. ही चूल घालवायला आलीया."

आता फक्त पहिली पाटी राहिली होती. एखाद्या मोठ्या माणसाच्या हातून कुंडीत पहिली पाटीभर शेण पडायचं, मग प्रत्येक घरानं आपापली पाटी आणायची, मग ड्रम बसवायचा. कचेरीतून कागद आला: दिवस पाडव्याचा.

मी तशीच बस पकडून हुबळीला गेले. योजनेच्या कचेरीतल्या साहेबांना म्हटलं, पाडव्याला शेण मिळणार नाही. आमच्या धारवाडच्या घरीसुद्धा त्या दिवशी शेणाचे पांडव करतात. उंबऱ्यापाशी बसवतात, आघाड्याचे तुरे नि झेंडूची फुलं खोचतात, दूधभाताचा नैवेद्य दाखवतात. त्या दिवशी शेण लक्ष्मी असतं, कुणी पाटीभर शेण दाराबाहेर जाऊ देत नाही. आदल्या दिवशी न्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी न्या, वाटेल तेवढं न्या.

साहेब मराठीच होते, सगळं समजत होते. म्हणाले, "अहो, पहिली पाटी टाकणारे पाहुणे बेंगळूरचे. त्यांना सवड कधी असते? हुबळी त्यांची सासुरवाडी आहे. दिवाळीला येतायत, तेवढ्यात उरकून घेऊ."

"गावातल्या बायकांना विचारलंत?"

"सरपंचांना कळवलंय. ते हो म्हणाले."

सरपंच हो म्हणणारच. दारात आलेल्या सरकारी माणसाला सणासुदीला 'नको' म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही. बायकांना मात्र कुणी विचारलं नाही. त्यांना दिवस कळला तो परस्पर, आणि त्यांनीही ठरवलं की मोठी माणसं आहेत, त्यांना काय पाडवा माहीत नसेल? शेण ते बरोबर घेऊन येतील. खरंच, आळीचा असा समज होता! पहिली पाटी पाहुण्यांची म्हणजे ती पाहुण्यांच्याच घरची, असं सगळ्या धरून चालल्या होत्या.

पाडव्याला सकाळी मी साहेबांच्या जीपमधून पाहुण्यांना आणायला हुबळीतल्या केशवापूरला गेले. सासुरवाडीचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर पाच पांडव बसलेले, डोक्यात झेंडू खोचलेले, पुढ्यात दूधभात. पाहुणे नवं धोतर सावरत बाहेर आले तसा आतून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, सांभाळून हं, पांडव आहेत!" पाहुण्यांनी पाय उचलला तो गुडघ्याच्या वर. पांडवांना जपून ओलांडलं, वळून नमस्कार केला आणि जीपमध्ये येऊन बसले.

माझ्यानं राहवलं नाही. "तुमच्या सासूबाईंकडे आत्ता पाटीभर शेण मागितलं तर देतील?"

पाहुणे हसले. "छे हो! आज कसं देतील?"

"मग आपण कशाला चाललोय?"

साहेब पुढच्या सीटवरून म्हणाले, "ते घरचं झालं. हे सार्वजनिक आहे."

गावात पोचलो तेव्हा परसात मांडव होता, पताका होत्या, कुंडी सारवून तिच्याभोवती रांगोळी काढलेली होती. बायका नवी लुगडी नेसून उभ्या होत्या. कुणाच्याही हातात पाटी नव्हती. भाषण झालं, नारळ फुटला. साहेब म्हणाले, "हं, आणा."

कुणी हललं नाही.

"शेण आणा. पहिली पाटी."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं हळूच विचारलं, "तुम्ही न्हाई आणलं?"

शेवटी अक्का पुढे आली. पदर डोक्यावर घेऊन अगदी अदबीनं म्हणाली, "साहेब, आज पाडवा. आज शेण देत न्हाईत कुणी. आज जेवून जावा. होळगी केलीया, दूध हाय. उद्या सकाळी गावच्या सगळ्या गोठ्यांतलं शेण आणून वततो, कुंडीतनं वर येईल एवढं."

"उद्या पाहुणे नाहीत."

"न्हाईत तर न्हाईत. गॅस पाहुण्यांच्या पोटातनं थोडाच येणाराय?"

लोक खो खो हसले. पाहुणेही हसले, हे मी पाहिलं. साहेब मात्र हसले नाहीत. माझी खात्री आहे, सगळं तिथंच फिसकटलं. घड्याळ बघत ते जीपकडे गेले. पाहुण्यांनी तेवढी होळगी खाल्ली, पुरणपोळीच ती, आणि 'फार छान' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आळीनं सांगितल्याप्रमाणे शेण आणलं. कुंडी भरून वाहू लागली. ड्रम बसवायला कुणी आलं नाही. तुळशीचं लग्न तोंडावर असताना ट्रक आला आणि खड्ड्याशेजारचा ड्रम उचलून निघून गेला. कुठं? ओढ्यापलीकडच्या गावाला. आणि ओढ्यापलीकडच्या गावाला कोण राहत होतं? अक्काची नणंद.

आता माझ्याबद्दल. त्या पलीकडच्या गावात काम करायची एक मुलगी, हुबळीच्या विद्यानगरची, प्राध्यापकाची. आम्ही दोघी एकाच बसनं अळणावरला उतरायचो, ती डावीकडे जायची, मी उजवीकडे. परतताना दोघींच्याही केसांना तोच धुराचा वास. माझी आई मला दारातच थांबवायची, "आधी न्हाऊन घे, मग घरात ये." तिची आईही तेच म्हणायची. त्यावरून आम्ही हसायचो. मग तिच्या गावात गॅस आला. त्यानंतर परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली की माझ्या केसांना धूर आणि तिच्या केसांना शिकेकाई. मला तिचा हेवा वाटला. तिच्या केसांच्या वासाचा हेवा. लोक हेव्याला काहीतरी सभ्य नाव देतात, मी देत नाही. मी तिच्या शेजारची जागा सोडून मागच्या बाकावर जाऊन बसू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात विद्यानगरला एका सभागृहात मेळावा झाला. विषय लोकसहभाग. हा शब्द तेव्हा नवीनच निघाला होता आणि साहेब तो पेढ्यासारखा वाटत होते. त्यांनी विद्यानगरच्या त्या मुलीला व्यासपीठावर बोलावलं. ती साधेपणानं म्हणाली, "आम्ही फार काही केलं नाही. बायकांना विचारलं, दिवस कुठला धरायचा. त्या म्हणाल्या, तुळशीच्या लग्नानंतर. मग तोच धरला. सगळ्यांनी शेण आणलं." टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

मी खुर्चीवरून उठले. "साहेब, त्यांना का विचारलंत?"

"म्हणजे काय? विचारायला नको?"

"आमच्या गावाला विचारलं नव्हतं."

साहेब समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, माणूस अनुभवातून शिकतो."

"कुणाच्या अनुभवातून शिकलात? धडा आमच्या आळीनं दिला, बक्षीस पलीकडच्या गावाला गेलं. तो ड्रम परत द्या."

"तुमच्या गावाचा विषय संपलाय. तिथं सहकार्य मिळालं नाही. बसा आता."

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी होत्या की मला बसवण्यासाठी, कुणास ठाऊक. चहाच्या वेळी विद्यानगरची मुलगी माझ्याजवळ आली.

"तू माझ्यावर का चिडतेस? ड्रम मी मागितला नव्हता."

"परत पाठवलास का पण?"

"आता त्यावर घरं जेवतायत गं. कुणाची शेगडी विझवून आणू, तूच सांग."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि चालत बसस्टँडवर आले.

अक्कानं मात्र माझ्याहून बरं केलं. एके दिवशी म्हणाली, "चल गे तंगी. बघून येऊ, त्या ड्रमला नांदवूलालेत का न्हाई."

नणंदेनं जेवायला बोलावलं होतं. हे बोलावणंसुद्धा कसलं होतं ते सगळ्या बायकांना कळेल. आम्ही ओढा ओलांडून गेलो. नणंदेच्या स्वयंपाकघरात भिंती चुन्यानं पांढऱ्या केलेल्या होत्या आणि त्या पांढऱ्याच राहिल्या होत्या. शेगडीला काडी लावली तशी निळी ज्योत भसकन आली. नणंद मुद्दाम बारीक करायची, मोठी करायची, पुन्हा बारीक करायची.

"बघ वैनी, फुंकायला लागत न्हाई."

"मला तोंड हाय अजून. फुंकते मी."

"भाकरी बघ कशी पांढरी झालीया."

"पांढरी हाय, पण फुगली न्हाई. निखारा नसला की भाकरी रुसते." अक्कानं भाकरी मोडली, डाळीत बुडवली आणि सगळी खाल्ली. मग आणखी एक मागून घेतली.

जेवण झाल्यावर ती हात धुवायच्या निमित्तानं मागे गेली. मी पाठोपाठ गेले. ड्रम खड्ड्यात तरंगत होता, चांगला वर आलेला, गॅसनं भरलेला. त्यावरून नवा रंग फिरवला होता. अक्का त्याच्याभोवती चालत गेली, एका जागी थांबली आणि बोटं लावून बघू लागली. रंगाखाली तिच्या हाताचा ठसा होता. डोळ्यांना नीट दिसत नव्हता, बोटांना लागत होता. तिनं आपला हात त्यावर ठेवला, तो बरोबर बसला.

मला वाटलं ती रडेल. ती ड्रमला म्हणाली, "माझा शेवगा खाल्लास नि हितं येऊन माजलीस व्हय गे?"

नणंद दारातून बघत होती. तिचा चेहरा उतरला. तिला माहीत होतंच म्हणा, सगळ्यांना माहीत होतं. ती पुढे येऊन म्हणाली, "वैनी, दिवस आमाला विचारला म्हणून आमी सांगिटला. आमाला पाडव्याचा दिला असता तर आमीबी न्हाईच म्हटलो असतो."

"ठावं हाय मला," अक्का म्हणाली. "म्हणूनच तर पोट दुखूलालंय. तू माझ्यापरीस शानी असतीस तर सोसलं असतं."

वाटेत ओढ्याच्या पाण्यात पाय सोडून आम्ही दोघी बसलो. मी म्हटलं, "अक्का, मला पण हेवा वाटतो. त्या विद्यानगरच्या मुलीचा."

"वाटूदे की. हेवा काय फकस्त श्रीमंतांनीच करावा?" मग म्हणाली, "मला गॅसचा तेवढा वाटत न्हाई गे. तिला इचारलं, ह्याचा वाटतो. मला जलमात कुणी इचारलं न्हाई, अक्का, कुठला दिस धरूया म्हणून."

त्यानंतर मी कचेरीत किती खेपा घातल्या ते सांगत नाही. साहेब बदलून गेले, दुसरे आले. दुसऱ्यांनी सांगितलं की जिथं एकदा संयंत्र मंजूर झालं तिथं पुन्हा मंजूर करता येत नाही. मी म्हटलं, संयंत्र नाही, नुसता खड्डा आहे. ते म्हणाले, खड्डा म्हणजे संयंत्राचा भाग. घ्या. आमच्या गटातल्या बाकीच्यांना नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. विद्यानगरची मुलगी आता बेंगळूरला असते, लोकसहभागावर बोलायला तिला गावोगाव बोलावतात. चांगलं बोलते म्हणे. मला अजूनही तिचा हेवा वाटतो, आणि तो कमी व्हावा असं मला मुळीच वाटत नाही, कारण तो कमी झाला की मी कचेरीत जायचं थांबवेन.

गेल्या पाडव्याला मी अक्काकडे होते. खड्ड्यावर फळ्या टाकून बाभळीच्या काट्या लावल्यात, पोरंबाळं पडू नयेत म्हणून. कडेनं भोपळ्याचा वेल चढलाय, त्याचीच पिवळी फुलं तिनं पांडवांच्या डोक्यात खोचली. मग कौदी घेऊन बसली. सुईत दोरा तिला ओवता येत नाही आता. तिनं सुई माझ्यापुढे धरली आणि दुसरीकडे बघू लागली. मी दोरा ओवून दिला. चुलीवर दूध होतं आणि घरभर धूर होता.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओट्याखाली सिलिंडर आहे, मला ठाऊक आहे. माझ्या आईच्या ओट्याखालीही आता आलाय. हळहळू नका, त्यानं दोरा ओवला जात नाही. येत्या दिवाळीच्या आत कचेरीत जा. एकटीदुकटीनं जाऊ नका, मी एकटी जाऊन पाहिलंय. शेजारणींना घ्या, नणंदांना घ्या, जावयांना घ्या. खुर्च्या अडवून बसा आणि अक्काच्या परसातल्या खड्ड्यासाठी ड्रम मागा. ते मंजूर करतील, आणि लगेच कॅलेंडर उलटून दिवस सांगू लागतील. तो दिवस घेऊ नका. त्या साहेबांना उठवा, बसमध्ये घाला, अळणावरला उतरवा आणि अक्काच्या दारात उभं करून त्यांच्या तोंडून विचारायला लावा: अक्का, कुठला दिवस धरूया?